हिरव्या रेघेवरचा काटा

मी खाली सही करणारी, वय अठ्ठेचाळीस वर्षे, शिक्षण दहावी पास, व्यवसाय नोकरी, क्रेन चालवते, राहणार कामगार वसाहत, पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला. आज दुपारी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीसह राहते. समोरच्या बिऱ्हाडात माझी आई व धाकटा भाऊ राहतात. दोन्ही घरांचा स्वयंपाक एकच आहे. माझे पतीही आमच्याबरोबर राहत होते. ते मागच्या महिन्यात कामावर असताना स्फोटात मयत झाले. हा जबाब त्याबद्दल आहे.

मला कोणी बोलावलेले नाही. हॉलच्या मोठ्या साहेबांनी जो अहवाल दिला आहे त्यात लिहिले आहे की मयताने दाबाचा काटा न पाहता डब्याची टोपी कापायला घेतली, त्यामुळे अपघात झाला. हे खोटे आहे. त्यांनी काटा पाहिला होता, हे पाहणारी मी एकटी आहे. काटा पाहूनही अपघात का झाला हे मी सांगितले तर ते माझ्या सख्ख्या भावावर येते. हे मला ठाऊक आहे, त्यामुळे ते कोणी मला समजावून सांगू नये. माझी स्थिती इकडे आड तिकडे विहीर अशी आहे आणि मी विचार करून आले आहे.

माझे पती, माझा भाऊ व मी असे तिघेही एकाच हॉलमध्ये कामाला होतो. पती वेल्डिंग व कापण्याचे काम करत, भाऊ गेज सांभाळतो, मी वरची क्रेन चालवते. त्या हॉलमध्ये अणुभट्टीत वापरून झालेले इंधन ठेवतात. आधी ते पाण्याच्या हौदात काही वर्षे गार होऊ देतात. मग स्टीलच्या डब्यात भरतात, डबा तापवून आणि पंपाने ओढून आतले पाणी काढतात, कोरडा झाला म्हणजे न जळणारा वायू भरून बंद करतात. असे डबे काँक्रीटच्या विहिरींमध्ये उभे आहेत. विहिरीवर जाड झाकण असते. ते काढले की डब्याची मान दिसते. मानेत किरणे अडवणारे जाड बूच असते, म्हणून थोडा वेळ तिथे बसून काम करता येते. मानेवर एक टोपी व दाबाचे गेज. गेजची नळी झाकणाच्या खाचेतून वर काढलेली असते, त्यामुळे झाकण न काढताही काटा वाचता येतो. गेजच्या काचेवर हिरवी रेघ आहे. काटा रेघेवर असेल तर डबा ठीक समजायचा आणि काम करायचे. काटा चढलेला असेल तर टोपीला हात लावायचा नाही, धोक्याचा भोंगा वाजवायचा, गॅसवाल्यांनी येऊन नळी लावून आतला वायू आधी सोडायचा. असा नियम आहे.

कोरड्या डब्यात वायू कुठून येतो, असे लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले. मीही हाच प्रश्न चौकशीला आलेल्या बाईंना विचारला होता. त्यांनी सांगितले की पूर्ण कोरडे असे काही नसते. इंधनाच्या कांड्यांवर जुना गंज असतो, त्या गंजाच्या पोटात पाणी धरून राहते, ते पंपाने निघत नाही. किरणांच्या माऱ्याने ते पाणी फुटते आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. थोडा थोडा, वर्षानुवर्षे. डब्यात तो गप्प बसून राहतो, कारण आत जळायला हवा नसते. बाहेरची हवा आणि ठिणगी मिळाली की पेटतो. बाईंनी हे दोनदा सांगितले आणि मला पाणी दिले. हे आम्हाला आधी कळवले नव्हते असे नाही. हॉलच्या भिंतीवर तसा फलक आहे. पण रोज समोर दिसणारा फलक कोणी वाचत नाही.

माझ्या भावाला हॉलमध्ये सगळे भोंगा म्हणतात. खरे नाव हजेरीवर आहे. हे नाव कसे पडले ते सांगणे भाग आहे. तो कामाला लागला त्या वर्षी त्याला एका डब्याचा काटा चढलेला दिसला. त्याने नियमाप्रमाणे भोंगा वाजवला. हॉल रिकामा केला, आम्ही सगळे आवारात उन्हात उभे राहिलो, गॅसवाले आले, साहेबांचे साहेबही गाडीतून आले. तपासले तर डब्यात काही नाही, गेजच बिघडलेले. माझे पती सगळ्यांसमोर म्हणाले, "साप साप म्हणून भुई धोपटली आमच्या मेव्हण्यांनी. आजपासून यांचं नाव भोंगा." सगळे हसले. मी हसले. भाऊसुद्धा हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. नाव चिकटले ते चिकटलेच. वसाहतीतली लहान मुले त्याला भोंगामामा म्हणतात, आणि तो ओ देतो.

पतींच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांना प्रत्येकाला टोपणनाव द्यायची खोड होती. मोठ्या साहेबांना ते पाहुणे म्हणत, कारण साहेब हॉलमध्ये दाराशी येऊन परत जात. मला ते वरचं कोर्ट म्हणत, मी क्रेनच्या केबिनमध्ये बसते म्हणून. माझ्या भावावर त्यांचा जीव होता. भावाला ते नाव मनातून लागले होते, हे त्यांना कळले नाही. मलाही उशिरा कळले.

त्यानंतर भावाने कधी भोंगा वाजवला नाही. काटा चढलेला दिसला की तो गेजच्या मागचा बारीक स्क्रू फिरवून काटा रेघेवर आणत असे. असे करणारा तो पहिला नव्हे. आधीचे गेजवाले तसेच करत आणि त्यांनीच त्याला शिकवले. हॉलमध्ये बोलायची रीतच होती की डबे मेलेले आहेत, मेलेले काही वर चढत नाही, चढला तर काटा बिघडला. उन्हाळ्याआधी आणि कोणाची तपासणी यायची असेल तेव्हा सगळे काटे एका रेषेत आणायचे. याला आम्ही काटे विंचरणे म्हणत होतो. मला केबिनमधून दिसायचे. भाऊ एकेका विहिरीपाशी वाकायचा, खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढायचा, फिरवायचा, काचेवर टिचकी मारायचा आणि पुढे जायचा. मोठ्या साहेबांना दारातून हे दिसत असे, आणि एकदा त्यांनी "छान, सगळे एका ओळीत आहेत" असे म्हटल्याचे मी ऐकले आहे. कोणी लपवून करत नव्हते. लपवून केले असते तर कोणीतरी पकडले तरी असते.

कोपऱ्यातल्या डब्याबद्दल. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. भाऊ म्हणाला, "दाजी, तो कोपऱ्यातला डबा दर वेळी चढतो. बाकीचे कधी चढतात, कधी उतरतात. हा आपला चढतोच."

माझे पती म्हणाले, "मग काय विचार आहे? वाजवायचा भोंगा?"

"तसं नाही, पण..."

"पण नाही अन् बिण नाही. स्क्रू फिरव आणि गप जेव. ताट गार होतंय."

मुलगी हसली. आईने वाढले. भाऊ जेवू लागला. हे बोलणे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही. ते सांगितल्याने माझ्या पतींची बाजू दुबळी होते, हेही मला कळते. तरी लिहून घ्यावे.

घटनेच्या आठवड्यात डबे नव्या हॉलमध्ये हलवायचे काम निघाले. कोपऱ्यातल्या डब्याची टोपी जुन्या पद्धतीची, वेल्ड केलेली होती. ती कापून झडप बसवायची होती. आदल्या दिवशी भावाने त्या ओळीतले काटे विंचरले. कोपऱ्यातल्या डब्यापाशी तो इतरांपेक्षा जास्त वेळ वाकलेला होता. मी वरून पाहिले. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर काम सुरू झाले. मी विहिरीवरचे झाकण हुकाला घेऊन उचलले. जवळची जागा झडपांच्या पेट्यांनी अडवली होती, म्हणून झाकण बाजूला टांगते धरले. पती विहिरीशी गुडघ्यावर बसले. हातमोज्याने त्यांनी गेजची काच पुसली. तोंडावरचा मुखवटा वर केला आणि काटा पाहिला. एका बाजूने पाहिला, मग दुसऱ्या बाजूने पाहिला, कारण त्यांना जवळचे नीट दिसत नसे आणि चष्मा लावायची लाज वाटत असे. मग वॉकीटॉकीवर म्हणाले, "वरचं कोर्ट, काटा रेघेवर आहे. कापू का?" मी म्हणाले, "कापा." आमचे बोलणे इतकेच झाले. ते कुठे नोंदले जात नाही आणि त्या लाइनवर आम्ही दोघेच होतो.

ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या उडू लागल्या. थोड्या वेळाने कुकरचे झाकण उडावे तसा आवाज झाला. जाळ मला दिसला नाही. बाई म्हणाल्या की हायड्रोजनचा जाळ उजेडात दिसत नाही. मला दिसले ते एवढेच की टोपी जागेवर नव्हती, गेज जागेवर नव्हते, आणि हे मागे बसले. पडले नाहीत. दमलेला माणूस बसतो तसे बसले, आणि मग आडवे झाले. टोपीचा तुकडा मुखवट्याखाली गळ्याला लागला होता, हे मला नंतर कळले.

धोक्याचा भोंगा वाजू लागला. तो माझ्या भावाने वाजवला होता.

भार टांगता ठेवून क्रेनवाल्याला केबिन सोडता येत नाही. मी झाकण हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेले, हळू खाली घेतले, साखळ्या सैल झाल्याची खात्री केली, हुक वर घेतला, वीज बंद केली आणि शिडीने उतरले. मला शिकवले आहे तसे सगळे केले. झाकण टेकताना आवाजसुद्धा झाला नाही. मी खाली पोहोचले तेव्हा त्यांना स्ट्रेचरवर घेतले होते आणि तोंडावर कापड होते. त्यांच्या अंगात अजून ऊब होती. ते झाकण मी तिथेच सोडून का दिले नाही, असे मला रोज वाटते. सोडले असते तर खाली धावणाऱ्या कोणाच्या तरी अंगावर गेले असते, हेही मला कळते. कळून उपयोग होत नाही.

डब्यातले इंधन जागेवर राहिले, बाहेर काही सांडले नाही, असे मोजणाऱ्यांनी सांगितले. म्हणून वर्तमानपत्रात फार काही आले नाही. गेज भिंतीवर आपटून फुटले होते, त्यामुळे काटा कुठे होता हे कोणाला सांगता येत नव्हते. मोठे साहेब घरी भेटायला आले. हॉलमध्ये दारातून परत जाणारे साहेब आमच्या घरात मात्र आत येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, माणूस सोन्यासारखा होता, पण जरा घाई करायचा." माझे पती चप्पल घ्यायची तरी चार दुकाने फिरत आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत येत. घाई करणारा माणूस असा नसतो. मी साहेबांना तसे बोलले नाही. साहेबांनीच मला सांगितले की तुमच्या भावाने चौकशीत फक्त काचा पुसल्याचे सांगितले आहे. भाऊ तेव्हा दारात उभा होता. तो आत चहाचे कप ठेवायला गेला.

त्यानंतर आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी चालू होती. कोणी काही बोलत नव्हते आणि सगळ्यांना सगळे माहीत होते. एक दिवस आई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "गेलेल्याला कोण तुरुंगात टाकणार आहे? हा जिवंत आहे. हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

मी म्हणाले, "आई, तो तुझा मुलगा आहे म्हणून बोलतेस."

"तूही माझ्याच पोटची आहेस. म्हणून तर तुला विनवते. त्याच्यावर बोट ठेवलंस तर तो मनाला लावून घेईल आणि जिवाचं काहीतरी करून बसेल."

आईचे वय झाले आहे. मला तिचा राग आला नाही. मी गप्प राहायचे ठरवले होते. गेला महिना मी गप्प होते.

या आठवड्यात माझी मुलगी कॉलेजातून लवकर घरी आली. कोणीतरी तिला म्हणाले होते की तुझ्या वडिलांच्या बेफिकिरीने आपण सगळे मेलो असतो. तिने मला विचारले, "बाबांनी खरंच बघितलं नव्हतं का गं?" मी म्हणाले, "बघितलं होतं. दोन्ही बाजूंनी बघितलं होतं." ती म्हणाली, "मग तू सांगत का नाहीस?" तिला मामा वडिलांइतकाच प्रिय आहे. सायकल त्याने शिकवली, शाळेच्या फाटकाशी तो उभा राहायचा. जेवतानाचे ते बोलणे तिनेही ऐकले होते. म्हणजे ती मला सगळे समजून विचारत होती. मुलीसमोर खाली बघावे लागले याची मला लाज वाटली.

आज दुपारी मी भावाला म्हणाले की मला ठाण्यात जायचे आहे. त्याने लगेच स्कूटर काढली आणि मला हेल्मेट दिले. वाटेत एका सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारले, "तू नुसत्या काचा पुसल्या असं का सांगितलंस?"

तो पुढे बघतच म्हणाला, "स्क्रू फिरवला म्हणालो असतो तर का फिरवला ते विचारलं असतं. मग दाजींचं नाव निघालं असतं."

मी म्हणाले, "नाव तर त्यांचंच खराब झालं ना?"

तो म्हणाला, "न बघता कापलं असं लिहिलंय, ताई. ते वाईट आहे. पण त्यांनी स्वतः सांगितलं तसं मी केलं आणि त्यातच ते गेले, असं लिहिलं तर पोरगी आयुष्यभर ते वाक्य घोकत बसेल. ती हसली होती त्या दिवशी."

सिग्नल सुटला. मागून गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले तरी तो थोडा वेळ निघाला नाही. मी महिनाभर समजत होते की हा स्वतःची कातडी वाचवतो आहे. तशी भीती त्याला नव्हती असे मी म्हणत नाही. माणूस एकाच कारणासाठी गप्प बसत नाही. पण त्याच्या पाठीमागे बसून मला रडू आले, आणि हेल्मेट असल्याने ते पुसताही येईना.

तरीही मी आले, कारण पोरीला खोटे वाक्य घोकत बसण्यापेक्षा खरे वाक्य परवडेल असे मला वाटते. माझ्या पतींनी काटा पाहून, नियमाप्रमाणे कापायला घेतले. काटा खोटा होता. तो माझ्या भावाने फिरवला होता. माझ्या पतींनीच त्याला तसे करायला सांगितले होते. आधीपासून सगळे तसेच करत आले होते आणि मोठे साहेब ते बघत होते. यातले एक वाक्य घेऊन बाकीची सोडून देऊ नयेत. तसे करायचे असेल तर माझा जबाबच घेऊ नका.

माझी कोणाविरुद्ध फिर्याद आहे का, असे मला विचारले. त्याचे उत्तर मला देता येत नाही. एवढेच लिहावे की हॉलमध्ये अजून पुष्कळ डबे आहेत, त्या सगळ्यांचे काटे आज हिरव्या रेघेवर आहेत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा टोप्या कापायचे काम लागणार आहे. त्या काट्यांवर कोणी विश्वास ठेवू नये. ते काम करायला जो वेल्डर लावला आहे त्याचे लग्न होऊन वर्षही झालेले नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. उकाड्यामुळे दार उघडे होते. माझा भाऊ बाहेर व्हरांड्यात उभा होता, त्याने तो पहिल्यापासून ऐकला. वाचून झाल्यावर तो आत आला आणि म्हणाला, जेवतानाचे दाजींचे बोलणे तेवढे काढून टाका, स्क्रू मी माझ्या मनाने फिरवला. हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी ते ठेवायला सांगितले. ते ठेवले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच लिहिला आहे व खरा आहे. तो खरा आहे असे भावानेही सांगितले. त्याचा जबाब आता वेगळ्या कागदावर घेत आहेत. तो होईपर्यंत मी इथेच बसते.